सूची कुणाच्या घरी?

पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते. (मराठी पुस्तकांत ती बहुधा नसतेच, हे आपले जुने दुखणे, पण ते असो.) 'तांबे – पृष्ठे १४, ३७, १०२' अशी नोंद सापडली की सगळे पुस्तक चाळावे लागत नाही. पुस्तकात आपण पानावरून शब्दाकडे जातो, सूचीत शब्दावरून पानाकडे. म्हणून संगणकशास्त्रात तिला 'उलटी सूची' म्हणतात. इंटरनेटवरचे कोणतेही शोधयंत्र, आपण प्रश्न विचारल्यावर जगभरची पाने धुंडाळायला धावत नाही. ती पाने त्याने आधीच वाचून त्यांची उलटी सूची करून ठेवलेली असते आणि उत्तर त्या सूचीतून येते.

तेव्हा खरे प्रश्न सूचीविषयीचे आहेत. ती करायची कोणी? ठेवायची कोठे? आणि एका जागी मावेनाशी झाली तर वाटायची कशी? गेल्या पस्तीस वर्षांत या प्रश्नांना दोन निरनिराळी उत्तरे दिली गेली. दोन्हींना 'वितरित शोध' असेच म्हणतात. पण एका उत्तरात काम वाटले गेले ते माहितीच्या मालकांमध्ये, आणि दुसऱ्यात ते वाटले गेले एकाच मालकाच्या हजारो यंत्रांमध्ये. पहिले मागे पडले, दुसरे जिंकले. आज विद्यार्थ्याला काय सापडते आणि काय सापडत नाही, हे बऱ्याच अंशी त्या जय-पराजयावर ठरते. म्हणून ही हकिकत थोडी तपशिलात पाहू. तिची सुरुवात १९९० साली कॅनडातल्या माँट्रियल शहरात होते.

त्या वर्षी इंटरनेट होते, पण दुव्यांनी जोडलेल्या पानांचे 'वेब' अजून जगापुढे आलेले नव्हते. विद्यापीठांच्या संगणकांवर फुकट वापरण्याजोग्या प्रोग्रॅमच्या फायली ठेवलेल्या असत आणि दूरवरून कोणीही त्या उतरवून घेऊ शके. अडचण एवढीच, की कोणती फाइल कोठे आहे हे आधी माहीत असायला हवे. मॅक्‌गिल विद्यापीठात शिकत असलेला आणि तिथलेच संगणक सांभाळणारा ॲलन एम्टेज (हा मूळचा बार्बाडोस बेटावरचा) याला इतरांसाठी असे प्रोग्रॅम शोधून द्यावे लागत. तेच ते काम हाताने करण्यापेक्षा त्याने ते यंत्रावर सोपवले. त्याचा प्रोग्रॅम एकेका भांडाराशी संपर्क साधी, तिथल्या फायलींच्या नावांची यादी घेऊन येई आणि सगळ्या याद्या एका जागी ठेवी. बिल हीलन आणि पीटर डॉइच या सहकाऱ्यांच्या मदतीने त्याचे रूपांतर सार्वजनिक सोयीत झाले. नाव पडले 'आर्ची'. 'अर्काइव्ह' म्हणजे दप्तरखाना या शब्दातला 'व्ह' गाळून केलेले. इंटरनेटवरचे पहिले शोधयंत्र म्हणून आज त्याची नोंद होते.

आर्चीला फक्त फायलींची नावे कळत, फायलीत काय आहे ते नाही. भांडाराकडे फेरी साधारण महिन्यातून एकदा होई. तरी त्यावर इतकी गर्दी लोटली, की निरनिराळ्या देशांत त्याच्या प्रती बसवाव्या लागल्या. सूची एकच, पण तिच्या प्रती अनेक: ओझे वाटण्याचा हा पहिला आणि सर्वांत साधा उपाय.

पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, अमेरिकेत ब्रूस्टर काहल या तरुणाने 'थिंकिंग मशीन्स' या कंपनीत असताना 'वेस' नावाची वेगळी रचना पुढे आणली. (हाच काहल पुढे १९९६ साली इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था काढणार होता.) वेसची कल्पना अशी, की ज्याचा संग्रह त्यानेच त्याची सूची करावी आणि आपल्याच यंत्रावर ठेवावी. शोधणाऱ्याने आधी 'संग्रहांच्या सूची'ला विचारायचे, की माझा प्रश्न कोणाकडे नेऊ? मग त्या दोनचार संग्रहांना थेट विचारायचे. एका गावात उत्तर नसेल तर चावडीवर 'कोणाकडे जावे' एवढे तरी कळते, तसे काहीसे.

ही रचना अत्यंत शहाणपणाची वाटते आणि तशी ती आहेही. पण तिच्या पोटात एक अडचण दडलेली होती. केंब्रिजच्या कारेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली दाखवून दिले होते, की जो शब्द संग्रहात क्वचित येतो तो शोधात जास्त महत्त्वाचा मानावा. आता समजा, आपण 'आंबा' हा शब्द दोन संग्रहांना विचारला. कोकणातल्या एखाद्या कृषी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तो दर दुसऱ्या पुस्तिकेत असणार, म्हणून तिथे त्याचे वजन हलके. खगोलशास्त्राच्या संग्रहात तो कुठेतरी एकदाच आलेला, म्हणून तिथे त्याचे वजन भारी. दोघांनी आपापल्या हिशोबाने गुण दिले आणि आपण ते एका यादीत मांडले, तर आंब्याविषयी पहिले उत्तर खगोलशास्त्राच्या पुस्तकातले येईल! प्रत्येकाचा तराजू वेगळा असेल तर मापे एकत्र कशी करायची? या कोड्यावर पुढे संशोधकांनी पुष्कळ काम केले. तोडगे निघाले, पण ते सर्व सांभाळायला नाजूक होते.

वेचणारे आणि दलाल

दरम्यान वेब आले आणि अक्षरशः फोफावले. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत मॅथ्यू ग्रे या विद्यार्थ्याने जून १९९३ मध्ये वेबस्थळे मोजण्यासाठी एक प्रोग्रॅम सोडला. एका पानावरून दुव्याने दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर असे तो हिंडत असे. त्याची मोजणी अशी: जून १९९३ मध्ये १३० स्थळे, त्याच डिसेंबरात ६२३, जून १९९४ मध्ये २,७३८ आणि जून १९९५ मध्ये २३,५००. वर्गात हे आकडे लघुगणकी आलेखावर काढून पाहण्याजोगे आहेत.

अशा हिंडणाऱ्या प्रोग्रॅमना 'रोबो' म्हणत. लवकरच त्यांचा उपयोग सूची करण्यासाठी होऊ लागला. डिसेंबर १९९३ मध्ये स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठात जोनाथन फ्लेचर याने 'जंपस्टेशन' सुरू केले. ते पानांची शीर्षके वाची. एप्रिल १९९४ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ब्रायन पिंकर्टनचे 'वेबक्रॉलर' पूर्ण पानच वाचू लागले. पण त्या काळच्या तारा अरुंद आणि संगणक दुबळे. असे चारसहा रोबो एखाद्या विद्यापीठाच्या यंत्रावर येऊन सगळी पाने मागू लागले की तिथले नेहमीचे काम अडे. प्रत्येक रोबोला तीच पाने नव्याने हवी असत. दहा शोधयंत्रे म्हणजे तेच वाचन दहा वेळा.

ही उधळपट्टी इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या मार्टाइन कोस्टर या डच संगणकतज्ज्ञाच्या डोळ्यांत खुपली. त्याने दोन गोष्टी केल्या. १९९४ मध्ये त्याने सुचवले, की प्रत्येक वेबस्थळाच्या दारात एक छोटी फाइल असावी. कोणत्या खोलीत रोबोने शिरू नये ते तिच्यात लिहिलेले असावे. कायदा नाही, दंड नाही, केवळ सभ्यपणाचा करार. तो इतका टिकला, की २०२२ साली, म्हणजे २८ वर्षांनी, त्याला इंटरनेटच्या प्रमाणसंस्थेने अधिकृत रूप दिले. दुसरी गोष्ट त्याने त्याआधीच, १९९३ च्या अखेरीस केली होती. ती म्हणजे 'ॲलिवेब'. इथे रोबो नव्हताच. स्थळाच्या मालकाने आपल्या पानांचे वर्णन स्वतः लिहून ठेवायचे आणि ॲलिवेबने ती वर्णने गोळा करून सूची करायची. ॲलिवेब मात्र फारसे चालले नाही. वर्णने लिहिण्याचा उत्साह फारच थोड्या मालकांना होता.

या सगळ्या धड्यांतून जी सर्वांत विचारपूर्वक आखलेली रचना निघाली तिचे नाव 'हार्वेस्ट', म्हणजे सुगी. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात, बोल्डर गावी, माइक श्वार्ट्‌झ यांच्या पुढाकाराने ती तयार झाली. पीटर डॅन्झिग, मिक बोमन, डॅरेन हार्डी आणि ॲरिझोना विद्यापीठाचे ऊडी मॅनबर हे त्यांचे साथीदार. १९९४ च्या ऑक्टोबरात शिकागोच्या परिषदेत त्यांनी ती मांडली.

हार्वेस्टने काम दोन तुकड्यांत तोडले. एक 'वेचणारा' आणि एक 'दलाल'. वेचणारा हा प्रोग्रॅम माहिती जिथे आहे त्याच यंत्रावर बसायचा. आपल्याच तबकडीवरच्या फायली वाचायच्या, प्रत्येकीचा सारांश काढायचा, आणि मागणी आली की आकुंचित करून तेवढा सारांशच पाठवायचा. तोही गेल्या वेळेपासून बदललेल्यांचाच. दलाल अनेक वेचणाऱ्यांकडून सारांश घेई, त्यांची सूची करी आणि लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देई. एकदा वेचलेले धान्य कितीही दलालांना देता येई, आणि एक दलाल दुसऱ्या दलालाकडूनही घेऊ शके. म्हणजे रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी आपला एक दलाल उभा करावा, इतिहासवाल्यांनी आपला. कोणते संग्रह घ्यायचे, कोणत्या पद्धतीने लावायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. आधीच्या पद्धतींच्या तुलनेत सूची करताना तारांवरची वाहतूक ५९ पटींनी आणि सूचीला लागणारी जागा ४३ पटींनी कमी होते, असे त्यांनी मोजून दाखवले होते.

लवचीकपणा आणि काटकसर या दोन्ही कसोट्यांवर यापेक्षा चांगली रचना त्या दशकात कोणी मांडली असेल असे आम्हांला वाटत नाही. मग ती का हरली? १९९६ मध्ये कोलोरॅडोतला प्रकल्प संपला. त्याचा एकच भाग दीर्घायुषी ठरला: मागवलेली पाने जवळ साठवून ठेवणारा. तोच पुढे 'स्क्विड' या नावाने जगभरच्या महाविद्यालयांच्या संगणककक्षांत कित्येक वर्षे राबला.

कारणे तीन दिसतात. पहिले अगदी माणसांच्या स्वभावातले. वेचणारा बसवण्याचे कष्ट स्थळाच्या मालकाने करायचे, आणि फायदा बराचसा दुसऱ्यांना. रोबोला मात्र कोणाची मदत लागत नसे. तो न बोलावताच येई. दुसरे कारण विश्वासाचे. मालकाने स्वतःविषयी लिहिलेला सारांश खराच असेल कशावरून? वेबवर व्यापार आल्यावर दुकानदारांनी आपल्या पानांत न दिसणारे खोटे शब्द भरायला सुरुवात केली, तेव्हा या शंकेचे उत्तर मिळाले. आणि तिसरे कारण, जे आम्हांला सर्वांत निर्णायक वाटते, ते १९९८ पर्यंत कोणाला नीट दिसलेलेच नव्हते. त्याकडे थोड्या वेळाने येऊ.

विश्वकोशाचे वीस खंड

आता दुसरे उत्तर. १५ डिसेंबर १९९५ रोजी 'अल्टाव्हिस्टा' लोकांसाठी खुले झाले. डिजिटल इक्विपमेंट ही संगणक बनवणारी कंपनी. तिला आपल्या नव्या 'अल्फा' यंत्रांची ताकद दाखवायची होती. लुई मोनिए यांचा रोबो आणि माइक बरोज यांची सूची, अशी जोडी जमली. सुरुवातीलाच १ कोटी ६० लाख पानांची पूर्ण शब्दसूची हाती होती. प्रचंड स्मृती असलेल्या मोठ्या, महागड्या यंत्रांत ती बसवलेली. वेब वाढले की याहून मोठे यंत्र घ्यायचे, हा तिथला मार्ग.

बर्कलीतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एरिक ब्रूअर आणि त्यांचा विद्यार्थी पॉल गॉथिए यांनी नेमका उलट विचार केला. मोठे यंत्र घेण्याऐवजी साधीच पुष्कळ यंत्रे घ्यावीत आणि ती जोडून एकासारखी वापरावीत. त्यांची कंपनी 'इंक्टोमी'. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी लाकोटा लोकांच्या कथांत, आपल्याहून बलाढ्यांना युक्तीने हरवणारा एक कोळी आहे, त्याचे हे नाव. त्यांच्या सूचीवर चालणारे 'हॉटबॉट' हे शोधयंत्र मे १९९६ मध्ये सुरू झाले.

यंत्रे पुष्कळ घेतली, पण सूची त्यांत वाटायची कशी? हे वर्गात करून पाहता येते. मराठी विश्वकोशाचे वीस खंड आणि वीस विद्यार्थी घ्या. पहिली पद्धत: प्रत्येकाने एक खंड घ्यावा आणि त्या खंडापुरती सूची करावी. दुसरी पद्धत: सर्व वीस खंडांची मिळून एकच सूची करावी आणि ती अक्षरांनी वाटावी; 'प'चे शब्द एकाकडे, 'त'चे दुसऱ्याकडे, अशी. आता गुरुजींनी विचारावे, 'तांबे आणि पाणी हे दोन्ही शब्द कोणत्या पानांवर आहेत?'

दुसऱ्या पद्धतीत फक्त दोघांनाच उठावे लागते, बाकीचे अठरा निवांत. पण 'प'वाल्याकडे पाणी या शब्दाची हजारो पाने असतील. ती सगळी यादी उचलून 'त'वाल्याकडे न्यायची आणि दोन्ही ताडून पाहायची. यंत्रांच्या बाबतीत ही ने-आण म्हणजे तारांवरची वाहतूक. शिवाय 'प'वाला आजारी पडला तर पाणी, पृथ्वी, पारा, पतंग सारेच नाहीसे. पहिल्या पद्धतीत प्रत्येक प्रश्नाला विसाच्या वीस जण कामाला लागतात, हे खरे; पण प्रत्येक जण आपल्याच खंडात दोन्ही शब्द ताडतो आणि आपली सर्वांत चांगली तीन उत्तरे तेवढी सांगतो. गुरुजींपुढे येतात जास्तीत जास्त साठ चिठ्ठ्या. एक विद्यार्थी गैरहजर असला तर एका खंडाचे उत्तर राहील, पण शोध थांबणार नाही.

इंक्टोमीने पहिली पद्धत घेतली, आणि तीत एक सुधारणा केली. विश्वकोश अकारविल्हे असल्यामुळे एक खंड गेला तर ठरावीक विषयच बुडतात. म्हणून पत्ते पिसतात तशी सगळी पाने पिसून यंत्रांत वाटली. मग एक यंत्र बंद पडले तर इकडचे एक, तिकडचे एक असे थोडे थोडे गळते. एका टप्प्यावर त्यांच्या २६ यंत्रांत ५ कोटी ४० लाख पाने होती. एक यंत्र गेले तर सुमारे २० लाख पाने तात्पुरती दिसेनाशी होत, बाकीची जागच्या जागी. फेब्रुवारी १९९७ मध्ये त्यांनी सगळी यंत्रे बर्कलीहून सॅन होजेला हलवली, तीही हॉटबॉट एकदाही बंद न करता. आधी अर्धी यंत्रे नेली, ती सुरू केली, प्रश्नांचा ओघ तिकडे वळवला आणि मग उरलेली अर्धी नेली. चालत्या गाडीची चाके बदलण्याचाच हा प्रकार.

आणि तराजूचे कोडे? सगळी पाने एकाच घरात असल्यामुळे कोणता शब्द किती दुर्मीळ हे सर्व यंत्रांना एकाच मापाने सांगता येते. वेसला ज्याने छळले तो प्रश्न इथे उद्भवतच नाही.

आता ते राहिलेले तिसरे कारण. १९९८ च्या एप्रिलमध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज या दोन विद्यार्थ्यांनी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या परिषदेत आपल्या 'गूगल'विषयी निबंध सादर केला. त्या वेळी त्यांच्यापाशी २ कोटी ४० लाख पाने होती. त्यांची कल्पना अशी, की एखाद्या पानाचे महत्त्व त्यातल्या मजकुरावर न ठरवता, त्याच्याकडे कोणकोणती पाने बोट दाखवतात आणि ती स्वतः किती महत्त्वाची आहेत यावर ठरवावे. हे मोजायला सगळ्या वेबचा नकाशा एकाच वेळी हाताशी लागतो. आपल्याकडे कोण बोट दाखवते हे स्थळाच्या मालकाला ठाऊकच नसते. त्याचा वेचणारा कितीही प्रामाणिक असला तरी ते सांगू शकणार नाही. स्वतःच्या घरात बसून स्वतःची पत मोजता येत नाही. मालकांमध्ये काम वाटणारी रचना इथे मुळातच अडली.

त्याच सप्टेंबरात गूगल ही कंपनी झाली. तिने बर्कलीचा विचार टोकाला नेला. २००३ साली लुईझ बारोसो, जेफ डीन आणि उर्स होल्झले यांनी लिहिलेल्या लेखानुसार तेव्हा गूगलपाशी १५,००० हून अधिक साधी, बाजारात मिळतात तसली यंत्रे होती. ती बिघडणारच हे गृहीत धरलेले. सूचीचे वाटे केलेले आणि प्रत्येक वाट्याच्या अनेक प्रती. एका प्रतीवर गर्दी झाली वा ती पडली तर दुसरी. एका सरासरी प्रश्नासाठी शेकडो मेगाबाइट माहिती वाचावी लागे. ती शेकडो यंत्रांत वाटली गेल्यामुळेच उत्तर सेकंदाच्या आत येई.

इथे एक मजेदार हिशोब आहे, आणि तो अकरावी-बारावीच्या संभाव्यतेच्या धड्यात सहज बसतो. समजा, प्रत्येक विद्यार्थी १०० पैकी ९९ वेळा चटकन उत्तर देतो, पण एकदा त्याला रेंगाळायला होते. एकाच विद्यार्थ्याला विचारले तर उशिराची शक्यता १ टक्का. पण वीस जणांची उत्तरे आल्याखेरीज काम संपत नसेल, तर सर्व वीसही वेळेवर असण्याची शक्यता ०.९९ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.८२. उशीर १८ टक्के वेळा. यंत्रे १०० असतील तर ०.९९ चा शंभरावा घात ०.३७ च्या आसपास येतो. म्हणजे ६३ टक्के प्रश्न रेंगाळतात! डीन आणि बारोसो यांनी २०१३ साली हेच गणित मांडले होते. त्यांचा एक उपाय गुरुजींनाही सुचेल असा आहे: ठरावीक क्षणात उत्तर आले नाही तर तोच खंड असलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याला विचारावे आणि जो आधी सांगेल त्याचे घ्यावे.

मालकी असलेल्या घराशिवाय हे जमले नसते का? प्रयत्न झाले. मार्च २००० मध्ये आलेल्या 'नुटेला' या रचनेत मधले यंत्रच नव्हते. प्रत्येक संगणक आपल्या शेजाऱ्यांना विचारी, ते त्यांच्या शेजाऱ्यांना, अशी हाक पसरत जाई. गाणी शोधायला ते पुरले, पण हाकांच्या गोंगाटानेच तारा भरू लागल्या. २००३ मध्ये बर्कली आणि एमआयटी इथल्या संशोधकांनी हिशोब करून दाखवले, की सर्व वेबची सूची घराघरांतल्या संगणकांत अशी वाटली तर वाहतूक परवडणार नाही. उत्तम युक्त्या योजूनही सुमारे दहा पटींची तूट राहते. अडचण ओळखीचीच होती: 'प'वाल्याची लांबलचक यादी 'त'वाल्याकडे नेण्याची. फक्त आता ते दोघे एका वर्गात नसून दोन खंडांत राहत होते. त्याच वर्षी जर्मनीत मिखाएल क्रिस्टेन यांनी 'यासी' हे याच जातीचे शोधयंत्र सुरू केले. त्याचे चाहते आहेत, पण ते थोडेच.

म्हणजे एकाच घरातली सूची जिंकली ती लबाडीने नव्हे. तिच्यामागे भक्कम तांत्रिक कारणे होती. पण हार्वेस्टमध्ये जे होते त्यातले एक तिने गमावले: दलाल निवडण्याची आणि नवा दलाल उभा करण्याची मुभा.

याची झळ मराठीने सोसलेली आहे. युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात देवनागरी १९९१ पासून आहे. परंतु १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षे मराठी वेबस्थळे आपापल्या फाँटमध्ये चालत. पडद्यावर 'शाळा' दिसे, पण यंत्राच्या लेखी ती रोमन अक्षरांची निरर्थक जुळवणी असे, आणि तीही प्रत्येक फाँटची निराळी. सूची करणाऱ्या रोबोला त्यातून 'शाळा' हा शब्द कधी भेटलाच नाही. ज्याला त्या फाँटची किल्ली ठाऊक होती त्याला वेचणारा बसवता आला असता. पण वेचणाऱ्यांचा जमाना तेव्हा संपला होता.

युनिकोड रुळल्यावरही दुसरा प्रश्न राहतो. शाळा, शाळेत, शाळेला, शाळांमधून, शाळेतल्या: हे पाच शब्द मानायचे की एक? 'पाणी' शोधणाऱ्याला 'पाण्याच्या' असलेले पान दाखवायचे का? आणि 'पान' शोधणाऱ्याला 'पानी' या हिंदी शब्दाचे? असे शेकडो निर्णय सूची करतानाच घ्यावे लागतात. ते ज्याच्या घरी सूची आहे तो घेतो. त्याची भाषा, त्याचा धंदा आणि त्याचे प्राधान्यक्रम त्यात उतरतात. शोधून सापडले नाही म्हणजे ते नाहीच, असे विद्यार्थी सहज धरून चालतो. सापडले नाही ते सूचीत नसेल, किंवा पहिल्या दहांत नसेल, हे त्याला शिक्षकांनीच सांगावे लागते.

सूचीच्या मालकीचा प्रश्न आता न्यायालयांतही पोहोचला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टनचे संघीय न्यायाधीश अमित मेहता यांनी, गूगलने शोधाच्या क्षेत्रातली मक्तेदारी बेकायदा रीतीने टिकवली असा निकाल दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी कंपनीचे तुकडे करण्याचे नाकारले, मात्र सूचीतली काही माहिती पात्र प्रतिस्पर्ध्यांना द्यावी असा आदेश दिला.

युरोपात तोच प्रश्न वेगळ्या बाजूने हाती घेतला गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या १४ संस्थांनी मिळून एक खुली वेबसूची बांधण्याचे काम सुरू केले. त्यांत जिनिव्हाची सर्न ही संस्था आहे, जिथे वेबचा जन्म झाला, आणि जर्मनी, झेकिया व फिनलंड इथली महासंगणक केंद्रेही आहेत. पाने गोळा करण्याचे आणि सूची करण्याचे काम या केंद्रांनी आपसात वाटून घेतले. तयार सूचीचे तुकडे दिवसागणिक आणि भाषेगणिक वेगळे ठेवले, जेणेकरून कोणालाही हवे तेवढेच उतरवून त्यावर स्वतःचे शोधयंत्र उभे करता यावे. बोल्डरच्या मंडळींना हे वाचून नवल वाटले नसते. वेचणारे एकीकडे आणि दलाल दुसरीकडे. फक्त वेचणारा आता प्रत्येक मालकाच्या दारी बसवावा लागत नाही.